कोरड्या माळावरचा बेडूक आणि आपले मैदान

आपल्या शाळेच्या वसतिगृहात ज्यांनी जून महिन्यातील पहिल्या मोठ्या पावसाची रात्र काढली आहे, त्यांना एक आवाज निश्चितच आठवत असेल. दिवे मालवलेले असत, पत्र्यावरचा पावसाचा मारा थोडा ओसरलेला असे आणि मागच्या मैदानाच्या कोपऱ्यातून एकसुरी, ठेका धरल्यासारखा आवाज सुरू होई. पाहता पाहता त्यात दुसरा मिसळे, मग तिसरा, आणि अर्ध्या तासात सारे मैदानच बोलू लागे. सकाळी प्रार्थनेच्या आधी मुले त्या कोपऱ्यातील डबक्याभोवती जमत आणि तेथे गुबगुबीत, आखूड पायांचे, मातीच्या रंगाचे बेडूक त्यांना दिसत. चार दिवसांपूर्वी त्याच जागी क्रिकेटचा स्टम्प ठोकायला दगड घ्यावा लागला होता, इतकी ती जमीन टणक होती.

मग एका रात्रीत एवढे बेडूक आले कोठून? आमच्या अध्यापनाच्या काळात हा प्रश्न विचारला गेला नाही असा एकही जून महिना आम्हांस स्मरत नाही. एका वर्षी पाचवीतील एका मुलाने फार गंभीरपणे विचारले होते, "सर, हे ढगातून पडले का?" आम्ही इतिहासाचे शिक्षक. त्या दिवशी हसून वेळ मारून नेली खरी, परंतु ते उत्तर नव्हते याची बोच राहिली. त्यानंतर आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, पुस्तके चाळली, टॉर्च घेऊन स्वतः मैदानात उभे राहिलो. स्मरणिकेत बहुधा माणसांच्या आठवणी लिहिल्या जातात. या वेळी आपल्या सर्वांच्या आधीपासून या जागेत राहणाऱ्या एका रहिवाशाचा परिचय करून द्यावा असे आम्हांस वाटले. त्यामागे एक तातडीचे कारणही आहे, ते लेखाच्या शेवटी येईल.

ओळख

हे बेडूक ढगातून पडलेले नसतात. ते कालपर्यंत आपल्या पायाखालीच असतात. जमिनीत स्वतःला पुरून घेणाऱ्या बेडकांचा हा गट असून त्याचे शास्त्रीय नाव स्फेरोथेका असे आहे. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ साधारणपणे 'गोल डबी' असा होतो आणि तो त्याच्या अंगकाठीला शोभतो. या गटातील सर्वांत परिचित जात स्फेरोथेका ब्रेविसेप्स होय. ब्रेविसेप्स म्हणजे आखूड डोक्याचा. जर्मन अभ्यासक योहान श्नायडर यांनी १७९९ साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे पेशवाईचा अस्त होण्यापूर्वीच या जीवाची युरोपातील ग्रंथांत नोंद झाली होती.

अलीकडची नोंद तर आपल्या शहराशी निगडित आहे. २०१७ साली पुण्यातील आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील अशा बेडकांचा अभ्यास करून स्फेरोथेका पश्चिमा या नावाने एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. वरवर पाहता हे सारे बेडूक एकसारखेच दिसतात. बोटांची लांबी, डोळ्यांमधील अंतर, पायावरील उंचवट्याचा आकार अशा बारीकसारीक मापांवरून आणि जनुकांच्या तुलनेवरून जातींमधील भेद ठरवावे लागतात. अशी नावे पुढेही तपासली जातात, कधी बदलतातही. इतिहासात नवे साधन सापडले की जुना निष्कर्ष पुन्हा पाहावा लागतो, तसेच हे आहे.

सर्वसामान्य वाचकाला मात्र हा बेडूक ओळखण्यास एवढे पुरे: मुठीत मावेल असा गोलसर देह, बोथट तोंड, मोठे डोळे, आखूड पाय, पाठीवर तपकिरी-राखाडी ठिपके, कधी पाठीच्या मध्यातून गेलेली फिकट रेघ आणि पांढरे पोट. तळ्यातील बेडकासारखी लांब उडी याला जमत नाही. त्याचे खरे वैशिष्ट्य मागच्या पावलाच्या तळव्यावर आहे. तेथे खुरप्याच्या पात्यासारखा एक कठीण उंचवटा असतो. तेच त्याचे अवजार होय.

हा बेडूक येथेच का?

पुणे जिल्ह्याचा पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने घटत जातो. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे ७०० आणि पूर्वेकडे दौंड-बारामतीच्या बाजूस तो ५०० च्या आसपास येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर रिते होतात आणि त्यापलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. आपले शहर या दोहोंच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेकडील घाटात पानांवर अंडी घालणारे, झऱ्यांच्या दगडांवर राहणारे बेडूक आढळतात, कारण तेथे हवेतही पाणी असते. पूर्वेकडे वर्षातील सात-आठ महिने जमीन भाजून निघते, ओढे आटतात, माळावरचे गवत वाळून पिवळे पडते. आणि बेडकाची त्वचा तर पातळ व सच्छिद्र असते. उघड्यावर राहिला तर एखाद्या दिवसात तो वाळून जाईल. अशा प्रदेशात बेडकाने राहावे कसे? या प्रश्नाला या जीवाने दिलेले उत्तर म्हणजे जमिनीखाली जाणे.

मातीखालचे महिने

या बेडकाची पहिली गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली नाही, आईकडून ऐकली. आमचे मूळ गाव सुप्याच्या जिरायत पट्ट्यातले. १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव जेथे पेटला तेच हे सुपे. १९७२ च्या दुष्काळात आमचे आई-वडील पाझर तलावाच्या कामावर मातीकाम करीत असत. आई सांगे की खोल खणताना कधीकधी ढेकळातून मुटकुळे करून बसलेला बेडूक निघे. पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले, हलवले तरी हलत नसे. कोणी म्हणे मेला आहे, फेका. आई मात्र त्याला बाजूच्या ओलसर मातीत ठेवून वर माती लोटत असे. "तो मेलेला नाही, थांबलेला आहे," एवढेच ती म्हणे. तिला अक्षरओळख नव्हती. परंतु तिचे हे निरीक्षण विज्ञानाच्या कसोटीला उतरते, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

पाऊस संपून जमीन वाळू लागली की हा बेडूक खणायला लागतो. तो डोके खाली घालून खणत नाही. बसल्या जागी मागचे पाय आळीपाळीने बाजूला सारत, अंग किंचित फिरवत तो पाठीमागून जमिनीत उतरतो आणि वरची माती त्याच्यावर आपोआप ढासळते. काही वेळात तेथे बिळाचे तोंडही दिसत नाही.

खाली त्याला पाणी कसे मिळते हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातील एक गोष्ट आठवावी. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते, कारण पाणी कमी क्षाराच्या बाजूकडून अधिक क्षाराच्या बाजूकडे जाते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांकडील त्वचेतून तो ते शोषून घेतो. माती ओलसर असेपर्यंत पाणी मातीतून त्याच्या शरीरात येते. माती वाळत गेली की हा व्यवहार उलटण्याचा धोका निर्माण होतो. त्यावर कोरड्या प्रदेशातील काही बेडकांनी शोधलेला उपाय अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातील कुदळपायी बेडकांत चांगला अभ्यासला गेला आहे. ते शरीरातील द्रवात युरिया साठू देतात. त्यामुळे त्यांच्या आतील द्रव मातीतील पाण्यापेक्षा दाट राहतो आणि मातीला पाणी ओढून घेता येत नाही. मूत्राशय हीदेखील बेडकांची पाण्याची टाकीच असते. तेथे साठवलेले पातळ पाणी गरजेप्रमाणे शरीरात परत घेतले जाते.

दुसरी काटकसर श्वासाची आणि अन्नाची. ऑस्ट्रेलियातील जमिनीत राहणाऱ्या काही बेडकांवर झालेल्या मोजमापांत असे आढळले की दीर्घ विश्रांतीच्या काळात त्यांचा शरीरव्यापार नेहमीच्या तुलनेत ७० ते ८० टक्क्यांपर्यंत मंदावतो. पावसाळ्यात साठवलेली चरबी मग महिनोन्‌महिने पुरते. आपला हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तरी त्याचे स्नायू झडतात. अनेक महिने न हललेल्या या बेडकांचे स्नायू मात्र फारसे झडत नाहीत. पाऊस पडताच त्यांना उडी मारता येते. याचे कारण शोधण्यात वैद्यकशास्त्रालाही रस आहे, कारण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या उपचारांत त्याचा उपयोग होण्याची शक्यता आहे.

ऑस्ट्रेलियातील पाणी साठवणारा बेडूक तर आपल्याच झडलेल्या कातडीच्या थरांचे कवच अंगाभोवती करून घेतो आणि शरीरात पुष्कळ पाणी भरून ठेवतो. तेथील आदिवासी वाळवंटात हे बेडूक खणून काढून, हलकेच दाबून, निघालेल्या पाण्यावर तहान भागवीत असत. तेथील पाऊस लहरी आहे, कधी वर्षानुवर्षे येत नाही. आपला मोसमी पाऊस कमी असेल, उशिरा येईल, पण बहुधा येतो. म्हणून आपल्या बेडकाचे सारे गणित ऑक्टोबर ते जून एवढ्या काळाचे आहे.

पावसाची रात्र

मृगाच्या आगेमागे पहिला दमदार पाऊस पडला की पाणी मातीत मुरते आणि बेडूक वर येतो. त्याला पावसाची खबर कशी लागते, याचाही अभ्यास झाला आहे. सोनोरातील कुदळपायी बेडकांबाबत संशोधकांना असे दिसले की ओल पोहोचण्याआधीच पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने व गडगडाटाने होणारी जमिनीची कंपने त्यांना उठवतात. त्यांनी कोरड्या मातीवर विजेच्या मोटरीने कंपने निर्माण केली तेव्हाही बेडूक वर आले. पाऊस नसताना ते फसले. यंत्रांच्या घरघराटात राहणाऱ्या आपण माणसांनी हा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

बाहेर आल्यावर वेळ थोडा असतो. त्याच रात्री जमिनीतून पंख फुटलेली वाळवी थव्याथव्याने उडते आणि उपाशी बेडकाला ते आयते जेवण मिळते. नर डबक्याच्या काठाशी बसून गळ्याची पिशवी फुगवून ओरडतात. आपल्याला ऐकू येणारा आवाज तो हाच, माद्यांना बोलावण्याचा. मादी तात्पुरत्या, उथळ डबक्यात अंडी घालते.

बाजूला बारमाही तळे असताना आटणाऱ्या डबक्याची निवड का, असे कोणासही वाटेल. तळ्यात मासे असतात आणि मासे अंडी व पिले फस्त करतात. डबक्यात मासे नसतात. शिवाय उथळ पाणी उन्हाने लवकर तापते व पिलांची वाढ झपाट्याने होते. मात्र तेथे दुसरी शर्यत असते: डबके आटण्यापूर्वी शेपटी जाऊन पाय फुटले पाहिजेत. सोनोरातील एका जातीची पिले ही शर्यत अवघ्या ८ दिवसांतही पूर्ण करू शकतात. आपल्याकडे पावसाच्या सरी येत राहतात, डबके पुन्हा पुन्हा भरते, म्हणून इतकी घाई नसते. तरीही पावसाने दीर्घ ओढ दिली तर संपूर्ण डबक्यातील पिले मरतात. आमच्या मुलांनी अशा एका वर्षी बादल्यांनी पाणी आणून डबके भरले होते. ती मुले आज चाळिशीच्या घरात असतील. हे वाचून त्यांना ते नक्कीच आठवेल.

पाऊस कोण आणतो?

आता आम्ही आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे येतो. बेडूक आणि पाऊस एकदम येतात हे माणसाने फार प्राचीन काळी पाहिले. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. वर्षभर मुके पडून राहणारे आणि पाऊस येताच बोलू लागणारे बेडूक त्यात येतात, आणि त्यांची तुलना मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केलेली आहे. निरीक्षण अचूक आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे मात्र परंपरेने त्या सूक्ताकडे पाऊस पाडण्याचे साधन म्हणून पाहिले. आपल्या खेड्यापाड्यांतील धोंडी मागण्याची प्रथाही तशीच. पाऊस लांबला की एखाद्या मुलाच्या अंगाला कडुनिंबाचा पाला बांधायचा, मुसळाला बेडूक टांगायचा आणि दारोदार पाणी ओतून घेत फिरायचे. काही ठिकाणी बेडकांची लग्ने लावतात.

या प्रथांत कोणते मूल पाल्यात गुंडाळून फिरवले जाई आणि कोणाच्या दारात किती अंतरावरून पाणी ओतले जाई, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. ज्यांना पाणवठ्याला शिवण्याची मुभा नव्हती, त्यांच्याच लेकरांनी पावसासाठी गावाच्या दारात उभे राहायचे, असा हा व्यवहार होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा पाणी मागण्याची रीतच बदलली. पाणी हा हक्क ठरला.

बेडकाच्या बाबतीत झालेली चूक साधी आहे. दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून त्यातील एक दुसरीचे कारण ठरत नाही. आणि कारण ठरत असेल तर कोणते कोणाचे, हे तपासावे लागते. बेडूक ओरडतो म्हणून पाऊस येत नाही, पाऊस येतो म्हणून बेडूक ओरडतो. मुसळाला टांगलेला बेडूक त्वचा वाळून मरतो, एवढेच त्या विधीचे फलित. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की प्रत्येक घटनेला कारण असते, ते मनुष्याच्या कृतीत असते किंवा निसर्गाच्या नियमात असते, आणि अद्‌भुताचा आश्रय घेणे म्हणजे शोधबुद्धीचा घात करणे होय. पाचवीतील त्या मुलाचा "ढगातून पडले का?" हा प्रश्न म्हणूनच मोलाचा होता. त्याने कारण विचारले होते. कमी पडलो ते आम्ही.

या जीवाचा आणि वर्षावासाचाही संबंध आहे. विनयपिटकात अशी कथा येते की भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, तेव्हा त्यांच्या पायांखाली कोवळे गवत आणि असंख्य लहान जीव चिरडले जातात अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून भगवान बुद्धांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. लोकांची टीका योग्य आहे हे ओळखून संघाने आपली चाल बदलली, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये आणि विनाकारण वने पेटवू नयेत अशी आज्ञा आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचाही राज्यकर्त्याने विचार केल्याचा तो पुरावा होय.

'पडीक' म्हणजे काय?

आईने मातीत परत ठेवलेला तो बेडूक दुष्काळाने मेला नाही. १९७२ नंतरही कितीतरी दुष्काळ आले, तरी सुप्याच्या माळावर आजही पहिल्या पावसात तो ओरडतो. दुष्काळ सोसण्याचीच तर त्याची सारी तयारी आहे. त्याची तयारी नाही ती सिमेंटच्या थरासाठी. त्याच्या पायावरचे खुरपे मातीसाठी आहे. जमिनीवर काँक्रीट पडले तर खालचा बेडूक वर येऊ शकत नाही आणि वरचा खाली जाऊ शकत नाही. मुरमाच्या भरावाने खळगा बुजला तर अंडी घालायला जागा उरत नाही.

पुणे शहर गेल्या काही वर्षांत झपाट्याने पसरले. महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. त्यांतील पुष्कळ जमीन जिरायत शेती आणि माळ अशी होती. महसुली दप्तरात माळ 'पडीक' असतो आणि पडीक म्हटले की त्यावर काहीही करावे, असा समज होतो. वास्तविक माळरान ही एक संपूर्ण जीवसृष्टी आहे. चिंकारा, माळढोक, लांडगा, खोकड, चंडोल आणि आपला बेडूक हे सारे तिचेच रहिवासी. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य अवघे पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचे असूनही तेथील गवताळ माळावर चिंकारे टिकून आहेत, हे आपल्या सहलींत आपण पाहिलेच आहे.

येथे एक शंका आपल्या समाजातूनच येईल आणि ती रास्त आहे. पडीक व गायरान जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. आता बेडकासाठी ती जमीन राखा म्हणायचे काय? आमचे उत्तर असे की भूमिहीनाने माळावर बाजरी-मटकी पेरली म्हणून हा बेडूक संपला नाही. जिरायत शेताच्या बांधाशी, नांगरटीच्या सरीत तो राहतो, पिकावरचे किडे खातो आणि शेतकऱ्याच्या कामीच येतो. तो संपतो ते प्लॉटिंगमुळे, खाणीमुळे, जेसीबीने माळाचे सपाटीकरण होते तेव्हा. आणि त्या व्यवहारात भूमिहीनालाही जमीन मिळत नाही. एकाच जमिनीवरून गरीब माणूस आणि लहान जीव अशा दोघांनाही हुसकावले जाते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून त्या दोघांना एकमेकांचे वैरी ठरवणारा युक्तिवाद आपण तपासून घ्यावा.

आपले मैदान

आता आमच्या तातडीच्या कारणाकडे वळतो. यंदा शाळेच्या मागच्या मैदानावर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव आहे. मुलांचे गणवेश चिखलाने भरतात, पाय घसरतात, कार्यक्रमाला मंडप घालता येत नाही, ही सारी कारणे खरी आहेत. पहिल्या बैठकीत या प्रस्तावाला आम्हीही हात वर केला होता, हे प्रांजळपणे नमूद करतो. घरी आल्यावर आईची आठवण झाली आणि आपण कशावर ब्लॉक बसवणार आहोत हे ध्यानात आले.

संपूर्ण मैदान चिखलात ठेवा असे आमचे म्हणणे नाही. मंडपाची आणि प्रार्थनेची बाजू खुशाल बांधावी. मात्र कुंपणाकडील उताराचा कोपरा, जेथे पावसाळ्यात डबके साचते, तेवढी दोन गुंठे जागा मातीचीच ठेवावी. तेथे भराव टाकू नये, उन्हाळ्यात यंत्राने उकरू नये आणि पालापाचोळा जाळू नये. डासांचा प्रश्न पालकांच्या मनात येईल. डेंगीचा डास मुख्यतः टाक्या, कूलर, टायर, कुंड्या यांतील साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यासाठी वसतिगृहाच्या टाक्यांची झाकणे आणि गच्ची आठवड्याला तपासणे हाच उपाय आहे. डबक्यात इतर डासांच्या अळ्या होऊ शकतात, म्हणून त्यावरही मुलांनी नजर ठेवावी आणि आढळलेले वहीत लिहावे. विज्ञानाचा तास फळ्यावरून उतरून तेथे व्हावा.

खर्च काहीच नाही. एक वही लागेल: पहिला आवाज कोणत्या तारखेला ऐकला, त्या दिवशी किती पाऊस झाला, अंडी केव्हा दिसली, पिलांना पाय केव्हा फुटले. वीस वर्षांनी अशा वीस वह्या जमतील आणि तो आपल्या शाळेचा स्वतःचा दस्तऐवज असेल. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. सर्व सजीवांविषयी करुणा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही त्यांत आहेत. ती दोन्ही मुलांना एकाच वहीत शिकता येतील.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की या जागेविषयीचे आपले मत त्यांनी व्यवस्थापन समितीस लेखी कळवावे. डबक्यात बादल्या ओतणाऱ्या त्या तुकडीने तर अवश्य कळवावे. आणि जमल्यास मृगाच्या पहिल्या पावसाच्या रात्री आपल्या मुलाबाळांसह वसतिगृहावर यावे. टॉर्च बंद ठेवावा, बेडकांना हात लावू नये, कारण आपल्या हातावरचे मीठ आणि साबण त्यांच्या त्वचेला बाधतात. मुलांपैकी कोणी "हे ढगातून पडले का?" असे विचारले, तर हसून सोडून देऊ नये. स्टम्पची जागा दाखवावी आणि तो खाली बसून काय करीत होता, ते सांगावे.

जय भीम! नमो बुद्धाय!